चार कोपऱ्यांतला आवाज

कापसाचा हंगाम आला की अमरावतीत सगळ्याच गोष्टींना पांढरी लव फुटते. विजेच्या तारा, बाभळीचे काटे, शाळेच्या खिडक्यांच्या जाळ्या, सायकलची साखळी, म्हाताऱ्यांच्या भुवया, सगळीकडे रुईचे पुंजके. बडनेऱ्याच्या रस्त्यावर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागते. बैल उभ्या उभ्या रवंथ करतात आणि सरकीचा तेलकट, किंचित आंबूस वास अंथरुणापर्यंत पोचतो. पुण्याहून आलेले एक पाहुणे एकदा म्हणाले होते, "काय सुंदर! काश्मीरच जणू!" त्यांना खोकला यायला दोन दिवस लागले. आम्हाला तो दिवाळीनंतर येतो आणि होळीपर्यंत राहतो. जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणाऱ्यांना तो आला की जातच नाही.

यंदाचा हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात एका जुन्या मित्राने मला स्पीकरबद्दल विचारलं. तो अकोल्याला वकिली करतो. सासऱ्यांनी त्याला सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर दिला आहे आणि दिवाणखान्यात घरच्या घरी सिनेमा दाखवायचा असा त्याचा बेत आहे. "सांग बरं, कोणते घेऊ?" तो म्हणाला. "लहान हवेत. डोळ्यांत भरायला नकोत. पण आवाज कसा, चहूबाजूंनी आला पाहिजे. भाऊसाहेबांचे तू निवडून आणलेस ना? तुला त्यातलं कळतं."

मी त्याला सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.

भाऊसाहेब म्हणजे एका जिनिंग-प्रेसिंगचे मालक. बंगला आणि जिन एकाच आवारात, मधे पुरुषभर उंचीची भिंत. मी कॉलेजात होतो आणि त्यांच्या दोन मुलांना शिकवायला जायचो. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. आमच्या घरात फर्निचर नव्हतं, पत्रकं होती. सभांची, संपांची, निवडणुकांची, निषेधांची. 'बंधूंनो आणि भगिनींनो' ही मी आयुष्यात स्वतःहून वाचलेली पहिली अक्षरं. त्यामुळे भाऊसाहेबांच्या गालिच्यावर पाय ठेवताना मला आधी राग यायचा आणि मग गालिच्याचा मऊपणा जाणवायचा. दोन्ही खरं होतं.

हंगामात दर शनिवारी दिवे लागायच्या वेळी त्यांच्याकडे सिनेमा असे. भिंतीवर पांढरी चादर, मागे टेबलावर खरखरणारा प्रोजेक्टर, कापडाच्या खोळी घातलेल्या खुर्च्या. डॉक्टर, दोन वकील, बँकेचे साहेब, त्यांच्या बायका. आणि चादरीशेजारी एकच एक स्पीकर, दुधाच्या कपाटाएवढा. त्याची पाठ उघडी होती आणि जागा नसल्यामुळे ती पाठ व्हरांड्याच्या दाराकडे होती. प्रोजेक्टरच्या दिव्याने खोली तापायची, म्हणून दार सताड उघडं. त्यामुळे जेवढा आवाज आतल्या माणसांना मिळे, जवळजवळ तेवढाच मागून अंगणात सांडायचा.

त्या सांडलेल्या आवाजासाठी माणसं येत. पाळी संपवून घरी निघालेल्या बाया, गठाणी वाहणारे हमाल. भिंतीच्या आतल्या बाजूला, व्हरांड्यापासून बऱ्याच अंतरावर, ती ओळीने टेकून बसत. पुढे यायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी येतही नव्हतं. तिथून चादर दिसत नसे. दिसे फक्त दारावर हलणारा निळसर उजेड. पण ऐकू सगळं येई.

"आता रडून राहिली वो ते."

"कायले रडते बाप्पा? बंगला हाये तिले, गाडी हाये."

"नवरा नाई ना सोबत."

"मंग तं हासाले पायजे!"

आणि भिंतीकडची सगळी रांग हसायची. आत नायिकेचा बाप मरत असायचा. डॉक्टरांच्या पत्नी मान वळवून दाराकडे बघायच्या.

त्या रांगेत एक माणूस असा होता की आत बसला काय नि बाहेर बसला काय, त्याला सारखंच. महादेवला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्याच जिनात तो कामाला होता. सरकी वेगळी करणारी यंत्रं, म्हणजे रेचे, फिरवणारा चामड्याचा लांब पट्टा तीन वर्षांपूर्वी जोडावर तुटला आणि चाबकासारखा त्याच्या तोंडावर बसला. जोड शिवलेली चामड्याची वादी सुटत आली आहे हे त्याने आदल्या दिवशी मुकादमाला सांगितलं होतं. चूक मात्र त्याचीच ठरली. चालू यंत्राजवळ तो नको तिथे उभा होता म्हणे. जिथे त्याला उभं केलं होतं तिथेच तो उभा होता.

त्याची मोठी बहीण यमुनाबाई त्याच जिनात, त्याच रेच्यांवर काम करायची. ती त्याला शनिवारी हाताला धरून आणायची, स्वतः झोपेने पेंगायची आणि संपलं की उठवायची. "चाल, मेला तुहा व्हिलन." रविवारी सकाळी महादेव वस्तीत सरकीच्या कोठाराच्या ओट्यावर बसून तो सिनेमा सांगायचा. सगळी वस्ती जमायची. व्हिलनच्या बुटांचा आवाज तो तळहाताने ओट्यावर काढायचा. नायिकेच्या पैंजणांसाठी जिभेने असा बारीक नाद काढायचा की पोरं त्याच्या तोंडात वाकून बघत. आणि तो रंग सांगायचा. नायिकेचं लुगडं हिरवं, काठ लाल.

एकदा एका हमालाने हटकलं, "अबे म्हादेव, तो पिक्चर मी टॉकीजमंधी पायला. काळापांढरा हाये. हिरवं कुठून आलं?"

"तुले डोये हायेत म्हून तुले काळंपांढरं दिसलं," महादेव म्हणाला. "मले हिरवं दिसलं. मंग हिरवंच."

सांगून झालं की प्रत्येक घरून भाकरी यायची. कुणी वर मिरचीचा ठेचा, कुणी वांग्याचं भरीत. ते दान नव्हतं. यमुनाबाई फडकं पसरून ओरडायची, "टिकिट आना वो आपापलं!" आणि बाया हसत आणून द्यायच्या. आंधळ्या भावाला पोसते असं तिला कुणी म्हणू शकत नव्हतं, कारण रविवारी तोच तिला जेवू घालायचा. त्या भाकऱ्यांवर दोघांची मान ताठ होती.

हे सगळं एका उघड्या पाठीच्या स्पीकरवर उभं होतं हे तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हतं. आवाज फुकट आहे असं आपण धरून चालतो. तो वाऱ्यासारखा सगळ्यांचा आहे असं वाटतं. तसं नसतं. आवाजालाही कुंपण घालता येतं. फक्त ते कुंपण दिसत नाही, म्हणून त्याविरुद्ध पत्रक काढायला कुणाला सुचत नाही.

भाऊसाहेबांनी नवे स्पीकर घ्यायचं ठरवलं आणि मला सोबत अकोल्याला नेलं, कारण कंपनीचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. दुकानाच्या मागे एक छोटी खोली होती. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, भिंतींवर लहानमोठ्या पेट्या. दुकानदार बोलका होता. "साहेब, तुमचा तो मोठा डब्बा मैदानातला माल. खोलीत तो ओरडतो, बोलत नाही." त्याने एक तबकडी लावली. आधी मोठी पेटी वाजवली, मग सहा इंची तोंडाच्या चार लहान सागवानी पेट्या. एकच आवाज चौघींत वाटून दिलेला, दोन समोर, दोन पाठीमागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोड्या वर.

खोटं कशाला लिहू, ऐकून अंगावर काटा आला. गाणारी बाई समोर नव्हती, आपल्या भोवती होती. एका गाण्यात पाऊस होता, तो खांद्यांवर पडला. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"आणि हे बघा," दुकानदार म्हणाला, "दार-खिडक्या लावून घ्यायच्या, गरम झालं तर पंखा. आवाज कमी ठेवला तरी पुरतो. बाहेर टाचणीएवढाही जाणार नाही. शेजाऱ्यांची कटकट नाही."

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "मोठाच राहू द्या."

"का हो मास्तर?"

मी भिंतीकडच्या रांगेबद्दल बोललो. महादेवबद्दल बोललो. रविवारच्या भाकऱ्यांबद्दल बोललो. माझा आवाज चढला असावा, कारण दुकानदार तबकडी पुसत पुसत खोलीबाहेर गेला.

भाऊसाहेब चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत. "मास्तर, मी माझ्या घरात माझ्या पाहुण्यांना सिनेमा दाखवतो. ती काही टॉकीज नाही." मग म्हणाले, "महादेवचं मला वाईट वाटतं. त्या प्रकारानंतर मी लगेच नवा पट्टा बसवला. मुकादमाला विचारा. असं करा, त्याला आत बसवा. एक खुर्ची देऊ. झालं?"

पेट्या बांधल्या गेल्या. परतीच्या गाडीत त्या आमच्या समोरच्या बाकावर होत्या, गवतात गुंडाळलेल्या, चार सुबक पेट्या. खिडकीबाहेर वेचणी चाललेली शेतं मागे जात होती.

एका माणसाला आत घेतलं की बाहेरच्या रांगेचा प्रश्न सुटतो, हा हिशेब मला नंतर अनेक ठिकाणी भेटला. संस्थांत, समित्यांत, विधानसभेच्या तिकिटांत. पहिल्यांदा तो मी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत ऐकला.

महादेव आत जायला तयार नव्हता. "मी एकटा? आन बाकीचे?"

"बाकीच्याइले बोलावलं नाई," यमुनाबाई म्हणाली. "तुले बोलावलं."

"त्याइच्या खुर्चीत बसू मी?"

"नको बसू. भुईवर बस. पन जाय. नाई तं रविवारी काय सांगशील लोकाइले? माहं डोस्कं?" मग जरा खाली आवाजात म्हणाली, "लोक एक रविवार वाट पायतीन, दोन पायतीन. मंग नाई येनार कोनी."

तो गेला. धुतलेला सदरा घालून गेला. मीच त्याला दारातून आत नेलं. मागच्या रांगेत भिंतीला लागून खुर्ची होती आणि तिच्या वर, हातभर अंतरावर, नवी पेटी. बाहेर त्या शनिवारीही काही बाया येऊन बसल्या होत्या. दारं लागली तेव्हा एकीचं बोलणं अर्ध्यात कापलं गेलं. अंधार झाला. सिनेमा सुरू झाला.

सुरुवातीला महादेवची मान सारखी हलत होती. बाहेर असताना त्याला ठाऊक असायचं, आवाज त्या दारातून येतो, तिकडे सिनेमा आहे, इकडे मी आहे. आता सिनेमा सगळीकडे होता. त्याने माझा हात धरला. "मास्तर, हे माह्यामागं कोन बोलून राहिलं?"

"कुणी नाही. पेटी आहे."

त्याने मान हलवली, पण हात सोडला नाही.

जुन्या फिल्मला ठिकठिकाणी जोड असतात. तुटलेली फिल्म चिकटवतात, आणि तो जोड यंत्रातून जाताना आवाजात एक फटका येतो. मोठ्या स्पीकरच्या गोंगाटात तो जाणवायचा नाही. नव्या पेट्यांचा आवाज स्वच्छ होता. बागेतलं शांत दृश्य चाललं होतं, पाखरं बोलत होती, आणि एकापाठोपाठ जोड आले. चट. चट. आणि मग एक मोठा.

महादेव खुर्चीतून खाली कोसळला. दोन्ही हात डोळ्यांवर दाबून, गुडघे पोटाशी घेऊन, खुर्च्यांच्या मधे पडून राहिला. त्याच्या तोंडून एकच शब्द येत होता, "सरका, सरका, सरका." तो इतरांना सांगत होता.

कुणीतरी हसलं. त्यांना दोष देत नाही, अंधारात त्यांना काय दिसलं असेल? दिवा लागला. भाऊसाहेब उठून उभे होते. त्यांनी महादेवकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनाही ते कळलं होतं. पट्टा तुटला त्या दिवशी ते जिनात होते. "त्याला बाहेर नेऊन पाणी द्या," ते म्हणाले. मी त्याला बाहेर आणलं. माझ्या मागे दार लागलं आणि पाखरांचा आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर वस्ती जमली. आत बसून पाहिलेला सिनेमा, म्हणजे आज काहीतरी जोरदार. एका बाईने तर "टिकिट" आधीच आणून ठेवलं होतं. महादेव तळहाताने ओटा चाचपत होता.

"सांग ना बे. हिरोईनचं लुगडं कोन्त्या रंगाचं?"

महादेवने सांगायला सुरुवात केली. त्याने पट्ट्याचा सिनेमा सांगितला. इतकी वर्षं तो त्याबद्दल अक्षर बोलला नव्हता. आता त्याने सगळे आवाज काढले. भोंगा. रेच्यांची घरघर. वर फिरणाऱ्या दांड्याची कुरकुर. मुकादमाची शिवी. मग जोड सुटू लागतो तेव्हाची जिभेवरची चट, चट, दोन चटांमधलं अंतर कमी कमी होत जाणारं. "तवा माह्या ध्यानात नाई आलं," तो म्हणाला. "तो आधी सांगते. दोनदा, तीनदा सांगते. मंग तुटते."

कुणी हसलं नाही. यमुनाबाई मधेच उठून निघून गेली. तिचं जाणं मला खटकलं. सांगून संपलं तेव्हा लोक बसूनच होते, आणि मग एकेक करून उठले. जाता जाता एकजण म्हणाला, "हे पिक्चर चांगलं नाई, म्हादेव." त्या दिवशी फडक्यात ती आधी आणून ठेवलेली एकच भाकरी होती.

मी तेव्हा पेटलो होतो. मला वाटलं, आता उठतील. मी पत्रक लिहिलं, वडिलांच्या ओळखीच्या छापखान्यात छापून घेतलं, वस्तीत वाटलं. पहिली ओळ अर्थातच 'बंधूंनो आणि भगिनींनो'. भाऊसाहेबांनी मला शांतपणे सांगितलं, "मास्तर, उद्यापासून येऊ नका." त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते महादेवच्या बोलण्याचं. मी त्याला पत्रक वाचून दाखवलं. त्याने पूर्ण ऐकलं.

"चांगलं हाये," तो म्हणाला. "पन मास्तर, वाचनारे सारे आत बसते. भिताडापाशी बसते त्याइले निस्तं ऐकू येते."

लोक उठले नाहीत. ज्या पट्ट्याची गोष्ट रविवारी ऐकली त्याच्याच खाली सोमवारी सकाळी उभं राहायचं होतं. माझा राग त्यांच्यावरही निघाला होता. मला त्या पट्ट्याखाली उभं राहायचं नव्हतं हे मी सोयीने विसरत होतो. पण एक गोष्ट झाली, ती मला एका हमालाने सांगितली. सोमवारी भोंगा झाल्यावर कामाला लागताना बायांनी माना वर करून पट्ट्याकडे पाहिलं. मंगळवारी पुन्हा. मुकादम ओरडला, "वर काय पाह्यता वो? काम खाली हाये!"

पुढे महादेवकडे सांगायला काही उरलं नाही. दारं लागलेली, रांग मोडलेली. त्याने एकदोनदा मनाने सिनेमे रचून पाहिले, पण पोरं सोडून कुणी थांबेना. फडकं पसरायचं यमुनाबाईने बंद केलं. तिच्या एकटीच्या मजुरीत तो जेवू लागला आणि मग कमी जेवू लागला. संक्रांतीनंतर तो भातकुलीला चुलतभावाकडे गेला. तिथे गोठ्याशेजारी त्याला खाट दिली होती. जनावरांची चाहूल त्याला लागायची, एवढाच त्याचा उपयोग.

हंगाम संपत आला तेव्हा, फाल्गुनात, जिनातला पट्टा तुटला. तुटण्याआधी चट, चट झालं आणि बाया हातातलं टाकून भिंतीकडे धावल्या. पट्टा मोकळ्या जमिनीवर आपटला. कुणाला खरचटलंही नाही. दुरुस्तीसाठी काम थांबलं, तेवढ्या वेळची मजुरी कापली गेली.

त्या रविवारी यमुनाबाईसोबत मी भातकुलीला गेलो. मला वाटत होतं, केवढी बातमी घेऊन आपण चाललो आहोत. महादेव खाटेवर बसला होता, हाडं वर आली होती. तिने सांगितलं. त्याने तिला आवाज काढून दाखवायला लावला. तिने जिभेने काढला, चट, चट, नीट जमला नाही.

"हाच," तो म्हणाला. त्याचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. "सरकल्या साऱ्याजनी?"

"साऱ्या."

तो मान डोलवत राहिला. मग म्हणाला, "पन नवा पट्टा, इतक्या लवकर कसा तुटला वो बाई? नवा लावला म्हनत व्हते ना?"

यमुनाबाई लुगड्याला चिकटलेली रुई एकेक करून काढत होती.

"नवा नाई," ती म्हणाली. "तोच व्हता. शिवून लावला व्हता."

गोठ्यात एक बैल उठला, घंटा वाजली. महादेवने तिकडे मान वळवली नाही.

"म्हंजे तीन साल तू त्याच्याच खाली उभी?"

"मंग कुठं उभी राहू?" यमुनाबाई म्हणाली.